वाट मोकळी करून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

काल तिन्हीसांजेला आमच्या उसाची पहिली ट्रॉली डांबरीला लागली. ट्रॅक्टर चढ चढून वर गेला तशी मी बांधावरच बसले. घरी येऊन आधी हे पत्र लिहायला घेतलं. तुमचं नाव लिहू नको म्हणालात, म्हणून लिहीत नाही. पण आभार चारचौघांतच मानणार.

गेल्या वर्षी ह्यांचं वर्षश्राद्ध झालं आणि पंधरा दिवसांत चुलत दिरांनी वाटेत चर मारला, वर तार ओढली. आमचा हिस्सा मागचा. तीन बाजूंना दुसऱ्यांची रानं, चौथीकडे ओढा. ऊस तोडीला आला तर मुकादम म्हणाला, ट्रॉली बांधाला लागत नसेल तर कोयता लावत नाही. त्या हंगामात जादा मजुरी मोजून मोळ्या डोक्यावरून रस्त्याला आणल्या. निम्मा ऊस तोवर वाळून गेला.

त्याआधीचे चार महिने मी भावकीच्या बैठकांत घालवले. "घरातलं घरात मिटवू" हे ऐकण्यात दिवस जातात आणि अडवणाऱ्याची तार तेवढी जुनी होत जाते, हे मला तेव्हा कळत नव्हतं. शेवटी कुणीतरी सांगितलं, कलम 143 चा अर्ज तहसीलदारांकडे टाका. मी लिहिलं, "शेतात जाण्यासाठी रस्ता मिळावा." तो कागद तुम्ही कचेरीबाहेरच्या टपरीवर चष्मा पुसून वाचलात आणि विचारलंत, "पोरी, वाट अडवून किती दिवस झाले?"

आयुष्यभर मोजणीची साखळी ओढलेल्या माणसाचा तो प्रश्न होता. महसूल संहितेचं कलम 143 ज्याला वाटच नाही त्याच्यासाठी. तहसीलदार बांधावरून रस्ता देऊ शकतात. पण माझी वाट होती. सासूबाईंच्या काळापासून बैलगाडी जात होती. असलेली वाट अडवली तर 1906 च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाच्या कलम 5 खाली अडथळा काढायला सांगता येतं, आणि तो दावा अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. तुम्ही एका वाक्यात सांगितलंत, "नसलेला रस्ता मागायला गेलीस, तर असलेला तूच नाकारलास." काका, त्या वाक्यानं माझं रान वाचलं.

मग पेटीतलं वाटणीपत्र काढायला लावलंत. मी ते दहादा वाचलं होतं, पण मागच्या हिश्शाला पूर्वेच्या बांधालगत वहिवाटीप्रमाणे गाडीवाट राहील ही ओळ मला दिसली नव्हती. तुम्ही बोट ठेवलंत तेव्हा दिसली. स्थळपाहणीला मंडळ अधिकारी आले त्या दिवशी तुम्ही चराच्या अलीकडची चाकोरी दाखवलीत, मग पलीकडची. मधे चर, आणि दोन्हीकडची चाकं एका रेषेत. शेजारच्या दोन म्हाताऱ्यांनी जबाब दिले. पंचनाम्यात वाटेची रुंदी लिहायची राहिली होती. "वाचल्याशिवाय सही नाही" असं तुम्ही बजावलं होतं म्हणून मी धीर करून विचारलं, आणि फुटात मोजून ती लिहिली गेली. भरल्या माणसांत मोठ्यानं बोलायची ती माझी पहिली वेळ.

दिरांवर राग होता, अजूनही थोडा आहे. पण तुम्ही मला एकदाही भडकवलं नाहीत. "निकाल कागदावर लागतो, नांदायचं बांधावर असतं," म्हणालात आणि जावेशी बोलणं तोडू दिलं नाहीत. तार काढली त्या दिवशी बंदोबस्त लागला नाही. जावेनं सगळ्यांना पाणी दिलं. ते पाणी तुमच्यामुळे.

आदेश हातात आल्यावर मी पेढे घेऊन आले, तर तुम्ही सातबारा मागितलात. शेतरस्त्याची नोंद इतर हक्कात घ्यावी, असं मे 2025 च्या शासन निर्णयात आहे. ती होईपर्यंत पेढा खाल्ला नाहीत. उद्या पुढचं रान विकलं तर नवा मालक सातबारा वाचूनच येऊ दे, हे तुमचं म्हणणं. नोंद झाली. पेढे तोवर शिळे झाले होते, तरी तुम्ही गोड मानून घेतलेत. हेलपाट्यांचं एसटीचं भाडंही तुम्ही घेतलं नाहीत. हे ऋण कसं फेडू ते मला सुचत नाही.

आणि एक. वरच्या वस्तीवरच्या एका बाईंची वाटही अशीच बंद केली आहे. त्या रडत आल्या, तेव्हा मी पहिल्यांदा तुमचाच प्रश्न विचारला. सहा महिने भरायला बारा दिवस उरलेत. वाटणीपत्र शोधायला सांगितलंय. सोमवारी सकाळी त्यांना घेऊन येते, घरी आहात ना?

तुमची,
मागच्या रानातली सून