आकड्याचा फतवा न काढणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

नवख्या टीमला टीडीडी (आधी टेस्ट, मग कोड लिहायची पद्धत) शिकवायचं ठरलं की बहुतेक ठिकाणी पहिल्याच दिवशी '८० टक्के कव्हरेज हवं' असा फतवा निघतो. तुम्ही तो निघू दिला नाहीत, म्हणून आधी त्याचे आभार. टेस्ट चालवताना कोडची कुठली ओळ चालली एवढंच कव्हरेज मोजतं. उत्तर तपासणारा एकही असर्ट नसलेल्या टेस्टनेसुद्धा ते वाढतं. आकडा गाठायला सांगितलं की तसल्याच टेस्ट लिहिल्या जातात.

तुम्ही जीएसटी काढणारं एकच फंक्शन निवडलंत. डेटाबेस नाही, स्क्रीन नाही. १०० रुपयांवर १८ टक्के म्हणजे १८, ही पहिली टेस्ट. ती लाल (म्हणजे नापास) झालेली बघायची आणि का झाली तेही वाचायचं: उत्तर चुकलं म्हणून, की फंक्शनचं नाव चुकीचं टाइप झालं म्हणून? मग सरळ १८ परत करून ती हिरवी, म्हणजे पास, करायची. हा पोरखेळ वाटतो खरा, पण २०० रुपयांची दुसरी टेस्ट आली की हिशेब लिहावाच लागतो, आणि लागेल तेवढाच लिहिला जातो.

तिसरं उदाहरण खास तुमचं: १००.०५ रुपये. १८ टक्के कर १८.००९, म्हणजे १८.०१. तोच कर सीजीएसटी आणि एसजीएसटी असा ९-९ टक्क्यांनी काढून वेगवेगळा राउंड केला, तर ९.०० अधिक ९.००, म्हणजे १८.००. एका पैशाचा फरक! बिलावर कुठला आकडा छापायचा हे अकाउंट्सला विचारावं लागतं, आणि टेस्ट आधी असल्यामुळे ते कोड लिहिण्यापूर्वीच विचारलं जातं. रकमा फ्लोटमध्ये (दशांश अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात) ठेवायच्या नाहीत, हेही इथेच सगळ्यांच्या गळी उतरलं.

आजची तारीख फंक्शनच्या आत घ्यायची नाही, बाहेरून द्यायची. नाहीतर ३१ मार्चला हिरवी असलेली आर्थिक वर्षाची टेस्ट १ एप्रिलला लाल होते.

रिफॅक्टरिंग, म्हणजे कोडचं काम न बदलता त्याची साफसफाई, सगळ्यात आधी गळतं. हिरवं दिसलं की माणूस पुढच्या कामाला लागतो. त्यावर तुमचा क्रम उपयोगी पडला: एकाने टेस्ट, दुसऱ्याने कोड, साफसफाई दोघांनी, मगच कमिट.

मॉकवरून (टेस्टपुरत्या नकली भागावरून) मात्र वाद शिल्लक आहे. पेमेंट गेटवे मॉक करायचा, हे मान्य. पण ईमेल पाठवणारा क्लास आपलाच आहे म्हणून खरा वापरायचा, हे काही पटत नाही. पुढच्या भेटीत भांडू.

आपली,
बिलिंग टीम