हॅलोविनची सजावट मुलांच्या हातची असावी

महोदय,

सातारा येथे तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्यावर २०२४ चा ऑक्टोबर महिना मी न्यू जर्सीत मुलीकडे घालवला. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरचा हॅलोविन, म्हणजे मुलांनी भुताखेतांचे वेश करून दारोदार खाऊ मागण्याचा तेथील सण, ऐन दिवाळीत आला होता. आपल्याकडील अनेक आजी-आजोबा या दिवसांत परदेशी नातवंडांजवळ असतात, त्यांच्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

ऑक्टोबर उजाडताच तेथील दुकानांत प्लॅस्टिकचे सांगाडे आणि हवा भरून अंगणात उभी करायची भुते यांची रास लागते. तशा एकेका भुताला तीस-चाळीस डॉलर मोजावे लागतात, आणि मुलाचा त्यातला वाटा केवळ बोट दाखवून मागण्यापुरता असतो. मुळात हा सण असा नव्हता. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये लोक शेतातला सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. तेथून अमेरिकेत आलेल्या लोकांना कोरायला सोपा आणि मोठा भोपळा मिळाला, म्हणून सलगमाची जागा भोपळ्याने घेतली. घरात आणि शेतात जे असेल त्यातूनच ही सजावट होत आली आहे.

आम्ही काळा व नारिंगी घोटीव कागद, पांढरा टिश्यू पेपर, डिंक आणि काळा रंग एवढेच विकत आणले, आणि तो सगळा खर्च पाच डॉलरच्या आत बसला. बाकीचे घरातच होते. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यातील ओळीने तीन वाट्या कापून काळ्या रंगवल्या, कडेच्या दोन वाट्यांच्या कडा अर्धगोल कातरल्या की मधली वाटी अंग होते, बाजूच्या दोन पंख होतात आणि दोऱ्याला टांगण्याजोगे वटवाघूळ तयार होते. चार वर्षांच्या नातवाला कात्री दिली नाही. त्याने टिश्यू पेपर फाडायचा आणि पाणी घालून पातळ केलेल्या डिंकाने तो सॉसच्या रिकाम्या बरणीवर चिकटवायचा, हे काम ठरले. बरणी वाळल्यावर त्याने तिला काळ्या कागदाचे डोळे लावले आणि आत बॅटरीवरचा दिवा ठेवला. कागद आणि झगे यांच्याजवळ खरी मेणबत्ती कोणीही ठेवू नये, हे मी आग्रहाने सांगते.

सर्वांत सुंदर भुते मात्र फुकट मिळाली. मेपलची गळून पडलेली पाने वहीत दाबून सपाट केली, पांढरी रंगवली आणि देठ वर धरून त्यांवर दोन डोळे व एक तोंड काढले. पानाची टोके आपोआप झग्याच्या फाटक्या घोळासारखी दिसतात. आकाशकंदिलासाठी मी मैद्याची खळ शिजवली होती. तिच्यात जुन्या मलमलीचा तुकडा बुडवून फुगवलेल्या फुग्यावर पसरला, आणि दुसऱ्या दिवशी फुगा फोडल्यावर कडक झालेले पोकळ भूत स्वतःच्या पायांवर उभे राहिले. आठ वर्षांच्या नातीने ते शाळेतल्या मैत्रिणींना हाताला धरून आणून दाखवले.

बाजारातील कोळिष्टकांच्या पांढऱ्या जाळ्या झाडाझुडपांवर ताणू नयेत, कारण त्यांत लहान पक्षी आणि मधमाश्या अडकतात. कोळ्याचे जाळे हवेच असेल तर काटक्यांच्या चौकटीवर जाड लोकर गुंडाळून ते घरातच टांगावे.

शिक्षिका म्हणून माझा एक अनुभव आहे. मोठ्यांनी आकृती काढून द्यायची आणि मुलांनी ती फक्त कापायची, असे झाले की सगळी वटवाघळे सारखी होतात आणि मुलाला आपले कोणते ते ओळखता येत नाही. नातवाच्या बरणीचे डोळे एकमेकांपासून फार लांब लागले होते. ते मी सरकवले नाहीत, आणि संध्याकाळी दारात आलेल्या प्रत्येक मुलाला त्याने सर्वांत आधी तीच बरणी दाखवली. पायरीवर तिच्या शेजारी आमच्या पणत्या होत्या.

आता महाराष्ट्रातील काही शहरी बालवाड्यांतही हॅलोविन साजरा होतो आणि त्यासाठी तयार पोशाख व सामान आणण्याच्या सूचना पालकांकडे येतात. अशा शाळांनी पालकांकडून विकतच्या वस्तूंऐवजी रिकामी खोकी, बरण्या आणि रद्दी कागद मागवावेत आणि वर्गातच दोन तास मुलांच्या हाती द्यावेत, अशी माझी विनंती आहे. आपल्या दैनिकाच्या बालविभागात ऑक्टोबरच्या मध्यास अशा वस्तूंची कृती चित्रांसह छापता आली, तर पालकांना सामान जमवायला पुरेसा वेळ मिळेल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, सातारा