पोटाच्या दुखण्याला ‘मनाचे खेळ’ म्हणू नका

संपादक महोदय,

राजवाड्याकडे जाणारी सिटी बस दिसली की माझ्या पोटात कळ यायची. शाळेचा पहिला तास सुरू होण्याआधी तीनदा शौचाला धाव. अशी अकरा वर्षं काढली. दुर्बिणीची तपासणी, सोनोग्राफी, रक्त, सगळं नॉर्मल. एका डॉक्टरांनी फाइल मिटून सांगितलं, “ताई, काही नाही, मनाचे खेळ आहेत.” दुखण्यापेक्षा त्या वाक्यानं मी जास्त खचले.

माझा आजार म्हणजे आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम): तपासण्या नॉर्मल, तरी पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारी सुरूच. त्यात मेंदू आणि आतडी यांच्यातला संवाद बिघडतो. कळ खरीच असते, आणि ‘आता येईल’ या धास्तीनं ती वाढते. म्हणूनच कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीचा, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचाराचा, उपयोग होतो. मँचेस्टरच्या डॉ. पीटर व्हॉरवेल यांनी या आजारावरच्या संमोहन उपचाराचा अभ्यास १९८४ सालीच प्रसिद्ध केला होता. औषधांनी १२ महिन्यांत आराम पडला नाही तर अशा उपचारांचा विचार करावा, असं ब्रिटनची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात.

मला एका समुपदेशक बाईंनी पोटातून सावकाश श्वास घ्यायला शिकवलं. मग मुद्दाम बसनं आधी एक स्टॉप, नंतर दोन. कळ अजून येते, पण मी बसमधून उतरत नाही. (शौचातून रक्त जात असेल किंवा वजन घटत असेल, तर मात्र आधी तपासण्याच करायला हव्यात.)

इंदूरच्या सरकारी रुग्णालयांत पोटविकाराच्या ओपीडीतच, आठवड्यातून एक दिवस तरी, समुपदेशक बसवावा ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, रामबाग, इंदूर