पुराच्या व्हिडिओत तारीख बोला

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पावसाळ्यात पंचगंगेच्या पुराची बातमी पेपरात यायच्या आधी गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येते. पुलावर, घाटावर उभी असलेली माणसं ती देतात आणि तिच्या भरवशावर लोक गोठ्यातली जनावरं हलवतात. म्हणून ती अर्धवट असून चालत नाही.

सर्वांत जास्त घोळ 'आज' आणि 'आत्ता' हे दोन शब्द घालतात. 'आज रात्री पाणी वाढणार' हा मेसेज 2019 च्या महापुरातला असला, तरी वाचणाऱ्याला तो आजचाच वाटतो. तारीख आणि वेळ लिहा. आणि नुसती मजकुरात नको, कारण फॉरवर्ड होताना मजकूर गळतो, व्हिडिओ तेवढा फिरत राहतो. चित्रीकरण सुरू होताच तारीख, वेळ, गाव आणि पुलाच्या कोणत्या बाजूला उभे आहात, हे मोठ्याने बोला. मग दहा सेकंद मोबाइल हलवू नका. चौकटीत बंधाऱ्याची मोजपट्टी किंवा ओळखीची पाटी येऊ द्या. नुसतं गढूळ पाणी कुठल्याही नदीचं असू शकतं.

फुटांच्या आकड्याबरोबर ठिकाण हवंच. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. सांगलीत आयर्विन पुलाजवळ 40 आणि 45. 'पाणी 43 फुटांवर' एवढंच लिहिलं, तर कोल्हापुरात धोका आणि सांगलीत अजून दोन फूट बाकी, असे दोन अर्थ निघतात.

राधानगरी धरणाचंही तसंच. तिथले 7 स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. एका दरवाजातून 1428 क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट) पाणी सुटतं. 'दरवाजे उघडले' यातून दोन की सात ते कळत नाही. दरवाजा मिटल्याचं तर क्वचितच कोणी टाकतं, त्यामुळे उघडल्याचा मेसेज दुसऱ्या दिवशीही लोकांना घाबरवत फिरतो. पहिला मेसेज ज्याने टाकला, त्यानेच दुसराही टाकला पाहिजे. चुकलेला मेसेज नुसता डिलीट करून भागत नाही. पुढे गेलेल्या प्रती तशाच राहतात. त्याच ग्रुपवर दुरुस्ती लिहावी.

आलेल्या व्हिडिओवर दुहेरी बाण असेल, तर तो किमान पाच जणांनी पुढे ढकललेला असतो. त्यातलं एक स्थिर चित्र गुगल लेन्सवर शोधलं, तर जुना व्हिडिओ बऱ्याचदा तिथेच पकडला जातो.

आता आपल्याकडे विनंती. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान होतो आणि तो कधी, कुठे काढला ही फाइलमधली नोंद पुसली जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी पोहोचते. वाचकांकडून पुराचे फोटो मागवताना हे त्या आवाहनाच्याच चौकटीत छापावं, आणि तारीख, वेळ, ठिकाण नसलेला फोटो कितीही चांगला असला तरी घेऊ नये.

– एक वाचक, कोल्हापूर