लालबागच्या काकूंना, सायकलवाल्यांकडून

आदरणीय काकू,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हाला मोबाइलवर वाचून दाखवेल. असं चारचौघांत लिहायचं कारण एवढंच, की समोर येऊन आभार मानायला लागलं की तुम्ही "चहा टाकू का?" म्हणत आत निघून जाता.

मुंबईहून किनाऱ्याकिनाऱ्याने सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाला, रेडीपर्यंत सायकलने जायचं ठरलं, तेव्हा सल्ले द्यायला माणसं कमी नव्हती. कुठली सायकल, किती गिअर, रोज किती किलोमीटर, सगळं सांगून झालं. किरकोळ सामानाबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नव्हतं. तुम्ही जन्मात सायकलवर बसला नाहीत, पण आषाढीला दिंडीच्या ट्रकमध्ये वळकट्या, राहुट्या, भांडी, औषधं कुठल्या क्रमाने चढवायची हे तुम्हीच ठरवता. म्हणून तुम्हाला गच्चीवर बोलावलं. आल्या आल्या तुम्ही म्हणालात, "पिशव्या भरू नका. आधी सगळं खाली ओता."

ओतलं. नऊ जणांत सात पंप, टूथपेस्टच्या नऊ ट्यूब, दोन ब्लूटूथ स्पीकर, आणि साखळी तुटली तर जोडायला चेन ब्रेकर एकही नाही. तुम्ही वर्तमानपत्रावर दोन ढीग करायला लावलेत. ज्याचं त्यालाच लागेल ते त्याच्याकडे, कुणालाही लागू शकेल ते सगळ्यांचं. ऐकायला सोपं, पण एकेका वस्तूवर भांडणं झाली. मागच्या डिरेलरचा, म्हणजे गिअर बदलणाऱ्या भागाचा, हँगर (तो फ्रेमला अडकवायची पट्टी) कुठे टाकायचा? तुम्ही विचारलंत, "याचा त्याला बसतो का?" बसत नाही, फ्रेमप्रमाणे बदलतो. मग तो ज्याचा त्याच्याकडे. ट्यूब? आमच्यात काहींची चाकं ७०० सी मापाची, काहींची २७.५ इंची. म्हणजे प्रत्येकाने आपली एक बाळगायची आणि दोन्ही मापांच्या जादा ट्यूब सामायिक ढिगात. साखळी जोडायची सुटी कडी, क्विक लिंक, तीही आठ गिअरच्या साखळीची दहाला चालत नाही, तेव्हा तिच्यावर चिठ्ठी चिकटवली. स्पीकर एकच घ्यायचा, हा निकाल ज्याच्याविरुद्ध गेला तो अजून फुगलेला आहे. असू दे.

दोन ट्यूब हातात धरून तुम्ही विचारलंत, "ह्यांची तोंडं वेगळी का?" एक प्रेस्टा, बारीक तोंडाची, दुसरी मोटरसायकलसारखी जाड, श्रेडर. पेट्रोल पंपावरची हवा प्रेस्टामध्ये भरायला पितळेचा छोटासा अडॅप्टर लागतो, करंगळीच्या नखाएवढा. तो हरवणार हे तुम्ही बघताक्षणीच ओळखलंत आणि लाल दोऱ्याने पंपालाच बांधून टाकलात. पंपाच्या दांड्यावर डक्ट टेपचे वेढे देण्याची कल्पना माझी होती, एवढं श्रेय मला राहू द्या.

सर्वांत मोलाचं बोललात ते अवजारांबद्दल. आमच्यातला जो सगळ्यांत दमदार, त्याने अ‍ॅलन की, स्पोक, पंक्चरचं सामान उचलायचं असं आमचं ठरत होतं. तुम्ही म्हणालात, "तो तर पुढे पळणार. आमच्यात औषधाची पिशवी शेवटच्या माणसाकडे असते. ज्याला चालवत नाही तो मागेच राहतो ना?" पंक्चर झालेलाही मागेच राहतो. म्हणून अवजारं आणि औषधं शेवटच्या सायकलवर गेली, पुढच्याकडे एक पंप आणि एक ट्यूब.

ओआरएसचं तर आमच्या डोक्यातच नव्हतं. पाकिटावर लिहिलेलं असतं एक लिटर पाणी, आणि सायकलला लावायची आमची बाटली ७५० मिलीची. तेवढ्या पाण्यात अख्खं पाकीट टाकलं तर मीठ-साखर जास्त होते. अंदाजाने थोडं थोडं टाकावं तर प्रमाणाचा भरवसा नाही. तुम्ही पाण्याची एक लिटरची साधी बाटली आणलीत, मापाच्या भांड्याने पाणी ओतलंत आणि पातळी आली तिथे नेलपॉलिशने रेघ मारलीत. दिवेआगरच्या अलीकडे एकाला उन्हात पेटके आले, तेव्हा त्या रेघेपर्यंत पाणी भरून त्याला घोट घोट पाजलं.

पिशव्यांबद्दल किती लिहू? मोडक्या छत्र्यांचं कापड उसवून शिवलेल्या, तोंडाला नाडी, औषधाची लाल, पंक्चरची निळी, साबण-दोरी-सेफ्टी पिनांची काळी. प्रत्येकीत काय आहे त्याची यादी जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर, तुमच्या ठसठशीत अक्षरात. साखळीच्या तेलाची बाटली दुधाच्या पिशवीत गुंडाळून वर रबर. शेवटी खालच्या रद्दीवाल्याचा काटा वर आणून दोन्ही पॅनियर, म्हणजे कॅरिअरच्या दोन बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या, तोलायला लावलेत, जड ते तळाशी. चढावर ते जाणवलंच, पण त्याहून जास्त बोटींच्या धक्क्यांवर. भाऊच्या धक्क्यापासून पुढे आगरदांडा, बागमांडला, दाभोळ, तवसाळ, प्रत्येक ठिकाणी फेरीबोट. उतरताना पिशव्या शोधत बसावं लागलं नाही.

हर्णैच्या पुढे एकाचा टायर बाजूने जांभ्याच्या धारेवर चिरला. चिरेतून ट्यूब फुग्यासारखी बाहेर डोकावत होती. नवा टायर तिथे कुठला? नऊ टूथपेस्टवरून तुम्ही आम्हाला दोनवर आणलं होतंत, त्यातली एक संपत आली होती. ती कापून, धुऊन, टायरच्या आतून चिरेवर लावली, वर डक्ट टेप. हवा थोडी कमी भरली. रत्नागिरीला नवा टायर मिळेपर्यंत तेवढं टिकलं.

ऊन लागू नये म्हणून प्रत्येकाच्या खिशात तुम्ही कांदा दिला होतात. या एका बाबतीत मी तुमच्याशी सहमत नव्हतो आणि अजूनही नाही. ते कांदे अलिबागला मिसळीबरोबर संपले.

दादरचा एक ग्रुप याच वाटेने निघतोय. त्यांना याद्यांचे फोटो पाठवलेत, पिशव्या मात्र तुम्हाला विचारल्याशिवाय दिलेल्या नाहीत. निळीवर तेलाचा डाग पडलाय, रॉकेलनेही गेला नाही. बाकीच्या धुऊन ठेवल्यात, रविवारी सकाळी आणून देतो. शिलाईचे पैसे तुम्ही घेणार नाही हे माहीत आहे, तेव्हा दिंडीच्या अन्नदानाची पावती आम्हा नऊ जणांच्या नावाने फाडून ठेवा.

तुमचा,
दुसऱ्या मजल्यावरचा सायकलवाला