टीडीएस कमी आला म्हणजे पाणी चांगलं असं नाही

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या कामठी रोडकडे सध्या घरोघरी आरओ लागून राहिले. सेल्समन येतो, मीटर पाण्यात बुडवतो, आकडा दाखवतो अन् लोक खुश. पण टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार, विषारी केमिकल त्यात कळतच नाही हे कोणी सांगत नाही. अमेरिकेत कॅम्प लजून या लष्करी तळावर १९५३ ते १९८७ पर्यंत पिण्याच्या पाण्यात ड्रायक्लीनिंगचं अन् मशीनचं ग्रीस काढायचं सॉल्व्हंट होतं, सैनिकांची लेकरंबाळं तेच पाणी प्यायली हो! आता तिकडच्या लष्करी विमानतळांजवळ आग विझवायच्या फोममधलं पीएफएएस (सहजासहजी नष्ट न होणारी केमिकल) सापडून राहिलं, त्यातल्या पीएफओए अन् पीएफओएस या दोन प्रकारांना २०२४ मध्ये तिथल्या सरकारने लिमिट लावली ती लिटरला ४ नॅनोग्रॅम (नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग), एवढंसं त्या मीटरला काय दिसणार. उकळून ते जात नाही, यूव्हीनेही नाही. आरओ मेम्ब्रेन किंवा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन लागतो, अन् कार्ट्रिज वेळेवर बदललं तरच, नाहीतर भरलेला कार्बन अडवणं बंद करतो.

नागपुरात कामठी छावणी आहे, वायुसेनानगर आहे, अंबाझरीची ऑर्डनन्स फॅक्टरी आहे. तिथलं पाणी खराब आहे असं मी अजिबात म्हणत नाही. पण आजूबाजूला जे बोअरचं पाणी पितात त्यांच्या बोअरची या केमिकलसाठी एकदा तपासणी करा अन् रिपोर्ट वस्तीत लावा, ही प्रशासनाला कळकळीची विनंती. महागडी मशीन घ्यायची ऐपत सगळ्यांचीच नसते.

एक वाचक, कामठी रोड, नागपूर