पणजीच्या फोंतेन्हास भागात भाड्याने राहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सूचना

पाऊस सरला की आपल्या गल्ल्यांतल्या घरांचे रंगकाम सुरू होईल. गॅलरीतले कपडे, खोकी, सायकली आधीच आत घ्या.

भिंतींबद्दल मात्र कळकळीची विनंती. १८४३ मध्ये पणजी राजधानी झाली, त्या काळच्या पद्धतीचे हे बांधकाम: जांभा दगड, वर चुन्याचा गिलावा. खिळा ठोकला की तळहाताएवढा पोपडा सुटतो. ती जागा सिमेंटने बुजवली तर ओल आत कोंडते आणि आजूबाजूचा गिलावाही फुगतो. म्हणून खिळे नकोत, आणि पोपडा निघालाच तर स्वतः काही न लिंपता घरमालकांना सांगा. शिंपल्यांच्या तावदानांवर चिकटपट्टी तर अजिबात लावू नका. ती बसवणारे कारागीर आता सहजी मिळत नाहीत.

‘३१ जानेवारी’ नावाच्या रस्त्यावर दुचाकी कुणाच्या पायरीला अडवून लावू नका. शेजारचे आजी-आजोबा दिवसभर दारापुढे पर्यटकांचे फोटोसेशन सोसतात. रात्री दहानंतर तरी त्यांना शांत झोप मिळायला हवी. गाणी, वाढदिवस खोलीतच, दार लावून.

भाडेकरू पडताळणीचा अर्ज पोलीस ठाण्यात दिला नसेल, तर या आठवड्यातच द्या.